मुद्दा क्रमांक सहा

निवडून आले म्हणणं जरा जास्तच होईल.
जागा दोन, अर्ज दोन.
दुसरा ऑस्मोचा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं
बैठकीत जेवण असतं.

जेवण नसतं. कॉफी असते,
वेलदोड्याचे पाव असतात, आदल्या दिवशीचे,
आणि टेबलाभोवती नऊ माणसं,
ज्यांनी मला कधी ना कधी मार्क दिलेत.
योएन्सूतला नोव्हेंबर, दुपारचे तीन,
नदीकाठी दिवे लागलेले.
ओले बूट दाराशी काढून
सगळे मोज्यांवर आत आलो.
प्राध्यापक कौप्पिनेनबाईंच्या डाव्या मोज्याला
अंगठ्यापाशी भोक होतं.
मला तेवढ्यानं धीर आला.

मुद्दा सहा: दलदलीतला क्षेत्राभ्यास.
पाच क्रेडिट, जुलैचे दहा दिवस, सक्तीचा.

आता खरं सांगते, मला दलदल आवडते.
गेल्या जुलैत मी गुडघाभर तिच्यात उभी होते.
सळई दोन मीटर खाली गेली
आणि वर घेऊन आली चार हजार वर्षांपूर्वीचा गाळ,
ओल्या चहापत्तीच्या रंगाचा.
रात्र होतच नव्हती.
डास तेवढे दोन्ही पाळ्या करत होते.
मला विचारलं असतंत तर म्हटलं असतं,
दहा कसले, पंधरा दिवस करा.

पण त्या खुर्चीत बसून विचारतात
ते मला नव्हे.

आदल्या रविवारी वसतिगृहाच्या धुलाईखोलीत
तिसऱ्या वर्षाची होदान उशीचे अभ्रे घडी करत म्हणाली,
जुलैत नर्सा सुट्टीवर जातात,
म्हणून वृद्धाश्रमात मला काम मिळतं.
त्या एका महिन्यावर माझा हिवाळा निघतो.
दलदल चार हजार वर्षं थांबलीये ना?
सप्टेंबरपर्यंत थांबेल की.
यंत्र गचके देत थांबलं.
मी हसले. ती हसली नव्हती.

तीन रात्री घोटून ठेवलेलं वाक्य
ऐन वेळी शेपटाकडून बाहेर आलं.
ऑस्मोनं पावाचा घास तसाच गालात धरला.
वृद्धाश्रम म्हटलं, भाडं म्हटलं,
होदानचं नाव घेतलं नाही,
आणि माझी दलदल,
ती गिळली.

हा अभ्यास कौप्पिनेनबाईंनी सुरू केला, बावीस वर्षांपूर्वी,
एका उधारीच्या व्हॅनमध्ये.
त्या खिडकीकडे बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, सप्टेंबरात पाणी फार गार असतं.
मी म्हटलं, हो.

आमच्याकडे शांततेला कुणी उद्धट म्हणत नाही.
ती टेबलावर बसली, चांगली ऐसपैस.
एरवी मीच काहीतरी बोलून तिला उठवलं असतं.
त्या दिवशी बसू दिलं.

ठरलं ते असं, की पुढच्या बैठकीत ठरवू.

आठवड्यानं इतिवृत्त आलं.
'विद्यार्थी प्रतिनिधींनी चिंता व्यक्त केली.'
अकरा मिनिटं आटून एवढासाच खवा.
मी मेर्वीला कळवलं: चिंता नव्हती ती,
प्रश्न होता. कृपया तसं लिहा:
जुलैत कामावर असणाऱ्यांनी काय करायचं?
तिचं उत्तर आलं,
इतिवृत्तात प्रश्नचिन्ह घालत नाहीत सहसा.
खाली आणखी एक ओळ,
ठेवते.

पुन्हा धुलाईखोली, पुन्हा रविवार.
काय झालं, होदाननं विचारलं.
पुढची बैठक फेब्रुवारीत, मी म्हटलं,
आणि बदल झालाच तर
लागू होईल तो येत्या नाही, त्यापुढच्या वर्षी.
तिनं बोटांवर मोजलं. दोन बोटं पुरली.
म्हणजे माझ्यासाठी नाही.
नाही.

ड्रायरमधून तिनं चादर ओढली, अजून गरम,
दुहेरी, एकटीच्या हातांना न आवरणारी.
टोक धर, ती म्हणाली.
मी धरलं.